शेवटच्या खुर्चीतले जावईबापू

माणूस एखाद्या संस्थेत सगळी उमेद खर्च करतो आणि निवृत्तीच्या दिवशी त्या संस्थेचं मूळ काम काय, हे त्याला नीट सांगता येत नाही, हे सरकारी कचेऱ्यांत खपून जातं. फुटबॉलच्या क्लबात खपू नये. जावईबापूंनी ते खपवून दाखवलं. त्यांच्या निरोपाच्या समारंभात कुणीतरी गमतीने विचारलं, "जावईबापू, आता तरी सांगा, ऑफसाइड म्हणजे काय?" ते थोडा विचार करून म्हणाले, "रेषेवरच्या माणसाचं निशाण वर गेल्यावर लोक ज्याबद्दल भांडतात, ते." टाळ्या पडल्या. कोचनेही वाजवल्या. आपल्याकडे याहून पक्की व्याख्या नाही, असं तो नंतर खासगीत म्हणाला.

त्यांना सगळेच जावईबापू म्हणत. सासऱ्यांनी म्हणायला सुरुवात केली, मग दरवाजावरचे रखवालदार, मग खेळाडू, मग दुसऱ्या क्लबांचे पदाधिकारी आणि शेवटी रेफरीसुद्धा. पाकिटांवर 'जावईबापू, मुख्य व्यवस्थापक' असा पत्ता घालून पत्रं येत आणि टपालवाला ती न चुकता पोचवी. त्यांचं खरं नाव लग्नाच्या दाखल्यावर होतं. तो दाखला कुठे ठेवलाय, हे बाईंना ठाऊक होतं.

बाई म्हणजे त्यांची पत्नी. त्या शाळेत भूमिती शिकवत, म्हणून क्लबातही बाईच. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे मालकांचा, कुलपांचा कारखाना होता आणि कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून मैदान. दुपार कलली की कारखान्याच्या धुराड्याची सावली डाव्या हाताच्या गोलसमोर पडायची आणि पाहुण्या संघाचा गोलकीपर तिला बिचकायचा. आपला गोलकीपर न बिचकताच गोल खायचा. मालकांच्या वडिलांनी कामगारांना घेऊन हा संघ सुरू केला होता. कुलपं बनवणाऱ्यांचा संघ आणि बचाव मात्र सताड उघडा, ही थट्टा करायला विरोधी प्रेक्षकांना फारशी प्रतिभा लागत नसे. तरी पिढ्यान्‌पिढ्या ते ती पहिल्यांदाच सुचल्यासारखी करत.

या घराची एक रीत होती. जावईबापूंची सगळी कारकीर्द त्या रीतीतून निघाली, म्हणून ती सांगणं भाग आहे.

घरच्या मैदानावर सामना झाला की संध्याकाळी सगळं घर एका लांब टेबलाशी जेवायला बसे. ताटं वाढलेली असत, पण घासाला हात लावायचा नाही. आधी प्रत्येकाने त्या दिवसाची एक चूक सांगायची. एकच. दुसऱ्याने सांगितलेली पुन्हा सांगायची नाही आणि सांगितलेल्या चुकीची बाजू कुणी घ्यायची नाही. फेरी संपली की जेवण सुरू, आणि मग सामन्याचा विषय बंद. ही पद्धत कारखान्यातून आली होती. तिथे आठवड्याच्या शेवटी प्रत्येक कारागीर आपल्या हातून बिघडलेलं एक कुलूप टेबलावर आणून ठेवी. कुलूप आणणाऱ्याला कुणी बोलत नसे. रिकाम्या हाताने येणाऱ्याला बोलत.

संघ जिंकला तरी यातून सुटका नव्हती. उलट जिंकल्यावर चुका शोधाव्या लागत आणि आमटी थंड होई. जावईबापूंच्या सासूबाई, म्हणजे मामी, म्हणत, "हरलेलं बरं. निदान गरम जेवायला मिळतं." मामी क्लबाच्या विरोधात आहेत असा त्यावरून काहींचा समज झाला होता. वस्तुतः एखाद्या खेळाडूच्या बुटाची नाडी कुठल्या मिनिटापासून सैल होती, हे त्याच सांगत.

चुका सांगण्याचा क्रम वयाचा नव्हता, घरात येण्याचा होता. मालक त्या घरात जन्मले म्हणून पहिले. लग्न होऊन आलेल्या मामी दुसऱ्या. मग थोरला मुलगा, मग बाई, मग धाकटा मुलगा. थोरल्याने लग्न केलं नाही. धाकट्याने दोनदा केलं, पण दोन्ही सुनांनी ही पद्धत ऐकून सामन्याच्या संध्याकाळी माहेरी जाणं पसंत केलं. त्यामुळे स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेली शेवटची खुर्ची जावयाच्या वाट्याला आली आणि त्यांच्याकडेच राहिली.

तेव्हा ते एका पंख्यांच्या कंपनीत विक्री खात्यात होते. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. संघ त्या दिवशी दोन गोलांनी हरला होता. जेवायला जाताना जिन्यात बाई कुजबुजल्या, "काहीतरी बोला हं. गप्प बसलात तर बाबांचं मत वाईट होतं."

"मला खेळातलं काय कळतं?"

"मी एक सांगते, तुम्ही फक्त म्हणा."

"तुझी चूक मी कशी सांगू?" जावईबापू म्हणाले. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात नवरे असली तत्त्वाची वाक्यं बोलतात. यांचं वेगळेपण इतकंच, की ते नंतरही ते वाक्य सोडायला तयार झाले नाहीत.

फेरी त्यांच्यापर्यंत आली तेव्हा पाच चुका होऊन गेल्या होत्या. गोलकीपर, मधली फळी, उशिरा बदललेला खेळाडू, सगळं संपलं होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "दुसऱ्या दरवाजावर तिकिटाची रांग आणि चहाची रांग एकमेकींत घुसतात. हाफटाइमला चहा प्यायला गेलेला एक माणूस चुकून तिकिटाच्या रांगेत लागला आणि दुसरं तिकीट काढून परत आत आला."

"असा कोण शहाणा?" मालकांनी विचारलं.

"मीच."

धाकटा मेव्हणा खो खो हसला. "भावजी, चूक मैदानातली सांगायची असते."

"नियमात तसं लिहिलेलं नाही," मालक म्हणाले.

"बाबा, नियम लिहिलेलेच नाहीत."

"म्हणूनच म्हणतोय." मालकांनी जावयाकडे जरा वेळ रोखून पाहिलं. कुलूप हातात घेऊन त्याचा खटका ऐकावा, तसं. "डोळा आहे तुम्हाला. खेळाचा नाही, पण आहे." मग सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. मैदानाबाहेरचं ज्याला दिसतं त्याला मी नोकरी देईन. पण क्लब त्याच्याच हातात राहील, ज्याला खेळ दिसतो. यात मीही आलो."

हे शेवटचं वाक्य तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. मालकांना त्या काळी पलीकडच्या टोकाच्या खेळाडूच्या मोज्यावरची शिवण दिसायची.

पंख्यांची कंपनी सोडून जावईबापू क्लबाच्या नोकरीला लागले, तेव्हा त्यांचे वडील एवढंच म्हणाले, "घरजावई पाहिले होते. मैदानजावई पहिलाच." आणि पेपर वाचू लागले.

क्लबाचं ऑफिस म्हणजे स्टँडच्या पायऱ्यांखालची तिरक्या छताची खोली. एका भिंतीशी माणूस ताठ उभा राहू शके, दुसऱ्या भिंतीशी फक्त कपाट. टेबल छताच्या उताराखाली होतं, त्यामुळे खुर्चीवरून झटकन उठायची सोय नव्हती. जावईबापूंनी आयुष्यात घाईने निर्णय घेतले नाहीत, याचं श्रेय काही लोक त्या छताला देतात. वर सामना चालू असला की पायांचा आवाज खाली येई. त्यावरूनच खेळ कसा चाललाय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. "जिंकत असलो की टाचा वाजतात. हरत असलो की लोक पाय घासतात."

मैदानात बसले तरी त्यांचं तोंड अर्धं स्टँडकडे असे. सगळे चेंडू बघत आणि हे बघणाऱ्यांना बघत. कुठल्या ओळीतली माणसं मान वाकडी करून बसतात, म्हणजे पुढचा खांब आड येतोय. बायका हाफटाइमच्या आधीच का उठतात, तर त्यांच्या स्वच्छतागृहाला कडी नाही आणि एकीने दार धरून उभं राहावं लागतं. कुलपांच्या कारखान्याच्या मैदानावर दाराला कडी नाही, ही त्या हंगामातली सर्वांत मोठी चूक होती आणि ती शेवटच्या खुर्चीतून आली. मामींनी त्या दिवशी जावयाचं वाक्य संपायच्या आत त्यांच्या ताटात तूप वाढलं. त्या घरात ही क्रांती होती.

किल्ल्यांची कल्पनाही त्यांचीच. कारखान्यात चुकीच्या कापलेल्या, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांची पिंपं पडून होती. जावईबापूंनी हंगामाचा पास घेणाऱ्याला त्यातली एकेक किल्ली द्यायला सुरुवात केली, पास अडकवायला म्हणून. पहिल्याच सामन्यात आपल्याला कॉर्नर मिळाला आणि कुणीतरी किल्ली पुढच्या बाकाच्या पत्र्याच्या पाठीवर वाजवली. शेजाऱ्याने वाजवली. पुढच्या कॉर्नरला अख्खं स्टँड. तेव्हापासून कॉर्नर मिळाला की हजारो निरुपयोगी किल्ल्या एकदम खणखणत. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांच्याजवळ नुसता किल्ल्यांचा जुडगा खाली पडला, तरी ते अजून मान वर करतात. मालकांकडेही अशी एक किल्ली होती आणि त्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर जाई. चेंडू रेषेबाहेर जायच्या आतच. त्यांना आधीच दिसायचं.

आता पाटीचं प्रकरण. ते टाळून पुढे जाणं जावईबापूंना आवडलं असतं, पण आमच्याकडे ते अजून सांगितलं जातं. त्यांनी गोलच्या मागची जाहिरातीची जागा विकली. चांगल्या भावात विकली. घेणाऱ्याने पाटी पाठवली, माणसांनी ती लावली आणि सामना सुरू झाल्यावर सगळ्या मैदानाला वाचता आलं की आपल्या गोलमागे दुसऱ्या एका कुलूप कंपनीची जाहिरात आहे. 'आमचं कुलूप कुणाला उघडत नाही.' त्या दिवशी आपल्या गोलकीपरने पहिल्याच हाफात चार गोल खाल्ले. चारही वेळा चेंडू जाळ्यात, गोलकीपर जमिनीवर आणि वर ते वाक्य. फोटोग्राफरने चौकट अशी साधली होती, की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळ्याची गरज उरली नाही.

संध्याकाळी मालकांनी पहिलीच चूक ती सांगितली. म्हणजे आता बाकी कुणाला ती सांगता येईना. धाकट्याचा तर घासच हिरावल्यासारखं झालं. फेरी फिरत शेवटच्या खुर्चीपाशी आली.

"बोला जावईबापू," मालक म्हणाले, "आज तुमच्यासाठी काही शिल्लक आहे का?"

जावईबापू खाली मान घालून म्हणाले, "पाटी सरळ लावलेली नव्हती. उजवीकडे कलली होती."

मालकांना ठसका लागला. तो हसण्याचा होता हे कळायला थोडा वेळ गेला, कारण त्या टेबलावर जेवणाआधी त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं. पाटी हंगामभर तिथेच राहिली, फक्त सरळ करून घेतली. शब्द दिला होता, असं मालकांचं म्हणणं पडलं.

खेळ मात्र जावईबापूंना दिसला नाही तो नाहीच. बाईंनी प्रयत्न सोडले नव्हते. घरी जेवणं झाली की त्या टेबलावर चमचे मांडत. "हा डाव बघा. मीठदाणी म्हणजे आपला लेफ्ट बॅक. हा चमचा त्यांचा विंगर. चमचा असा आत आला की मीठदाणी कुठे जाईल?"

"हिचं झाकण सैल झालंय," जावईबापू म्हणत.

"मी काय विचारतेय?"

"म्हणजे बघ, लेफ्ट बॅक पडला तर मीठ सांडेल."

बाईंना खेळ भूमितीसारखा दिसायचा. कोण कुठे आहे यापेक्षा कुठली जागा रिकामी पडत चाललीय, ते त्यांना आधी कळे. टेबलावर त्या चौथ्या क्रमांकाने आपली चूक सांगत, सगळे माना डोलावत आणि फेरी पुढे जाई. दुसऱ्या दिवशी कोच ऑफिसच्या तिरक्या छताखाली वाकून जावईबापूंना विचारी, "काल बाई काय म्हणाल्या?" आणि मंगळवारच्या सरावात ते दिसे. ही गोष्ट मालकांना माहीत होती की नव्हती, यावर क्लबात दोन मतं होती. थोरल्याच्या सूचनांनी बचाव सुधारला, असं मालक म्हणत. थोरला नाही म्हणत नसे.

असे हंगाम गेले. संघ कधी वर चढला, कधी घसरला, बहुतेकदा मधेच राहिला. पायऱ्यांवर आईच्या मांडीवर झोपणारी मुलं स्वतःची मुलं घेऊन येऊ लागली आणि खांब आड येतो म्हणून तक्रार करू लागली. मामी गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला त्यांच्या खुर्चीत कुणी सरकेना. क्रमाप्रमाणे सगळ्यांनी एकेक जागा पुढे यायला हवं होतं. मालक म्हणाले, "राहू द्या. ती आज चूक सांगणार नाही, एवढंच." ती खुर्ची तशीच राहिली आणि तिच्या पाळीला टेबल एक क्षण थांबू लागलं.

लोकांची दारं बोटांनी आणि आकड्यांनी उघडू लागली. कुलपांचा खप उतरला. कारखान्याच्या तीन भट्ट्यांतली एक चालू राहिली. आणि एके दिवशी धाकटा एक गिऱ्हाईक घेऊन आला. त्याला मैदान हवं होतं, गोदामं बांधायला. क्लबाचं नाव त्याला फुकट दिलं तरी नको होतं.

थोरला म्हणाला, "व्यवहार वाईट नाही." धाकटा म्हणाला, "बाबा, आपण भावनेच्या भरात पैसे जाळतोय." सही मालकांची लागत होती. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि जावयाकडे वळले.

"तुमचं काय म्हणणं?"

"मैदान राहावं," जावईबापू म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"मग चालवणार कोण? माझं वय झालं. हे दोघे विकायला बसलेत. तुम्ही सगळं करता, पण माझा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला खेळ दिसतो, त्याच्याच हातात." मालक पुढे म्हणाले, "हंगामाचा शेवटचा घरचा सामना येतोय. त्या संध्याकाळी टेबलावर मैदानातली एक चूक सांगा. एकच. खरी. क्लब तुमच्या नावावर करून देतो. नाहीतर सही गोदामाच्या कागदावर."

त्या आठवड्यात बाईंच्या टेबलावरचे चमचे उचललेच गेले नाहीत. जेवण दुसऱ्या खोलीत होत होतं. जावईबापू मीठदाणीकडे टक लावून बसत. झाकणाबद्दल ते काही बोलले नाहीत, यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते कळावं.

सामन्याच्या दिवशी ते पहिल्यांदाच स्टँडकडे पाठ करून, मैदानाकडे तोंड करून बसले. घाम फुटला, डोळे दुखले. बावीस माणसं पळत होती आणि सगळी सारखीच दिसत होती. हाफटाइमला ते बाईंना म्हणाले, "मला काही दिसत नाही गं."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मला दिसलंय. लेफ्ट बॅक सारखा आत ओढला जातोय आणि त्याच्यामागे जागा मोकळी पडतेय. दोष त्याचा नाही. त्याच्यापुढचा विंगर परत येत नाहीये. आज तरी म्हणा."

"तुझी चूक—"

"मैदान जातंय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या हाफला त्यांनी पुन्हा खुर्ची फिरवली आणि नेहमीसारखं स्टँडकडे बघत बसले. त्यांची नजर मालकांवर जाऊन थांबली. कॉर्नर मिळाला. किल्ल्या खणखणल्या. त्यानंतर मालकांचा हात वर गेला.

संध्याकाळी ताटं वाढली. मालकांनी आपली चूक सांगितली, "गोलकीपर पुढे येत नाही." ही तशी कुठल्याही सामन्याला लागू पडते. मामींच्या खुर्चीपाशी टेबल थांबलं. थोरला काहीतरी बोलला. मग बाई म्हणाल्या, "पूर्वेच्या नळाला पाणी नव्हतं. लोक हाफटाइमला पश्चिमेला गेले आणि तिकडे चेंगराचेंगरी झाली."

थोरल्याने चमकून बहिणीकडे पाहिलं. धाकट्याने घाईने एक चूक सांगून टाकली, त्याला पुढचं ऐकायचं होतं.

जावईबापूंनी घसा साफ केला. "लेफ्ट बॅक सारखा आत ओढला जात होता. त्याच्यामागे जागा मोकळी पडत होती. दोष त्याचा नव्हता. पुढचा विंगर परत येत नव्हता."

मालकांनी कान जावयाकडे करून ऐकून घेतलं.

"चूक खरी आहे," मालक म्हणाले. "पण तुमची नाही. 'आत ओढला जातो' असं या घरात एकच माणूस बोलतं. खेळाडू पळतात, चुकतात, पडतात. ओढले जातात ते फक्त माझ्या मुलीच्या तोंडी. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला नळ दिसला. तुम्ही दोघांनी आज ताटं बदललीत."

बाई खाली बघत होत्या. जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"म्हणजे तुमची पाळी अजून राहिलीय," मालक म्हणाले. "तुमची स्वतःची सांगा. ताटं थांबलीत."

जावईबापूंनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा मामींच्या खुर्चीकडे. मग म्हणाले, "मामा, तुम्ही किल्ली लोकांच्या नंतर वाजवता."

"म्हणजे?"

"आधी तुमचा हात पहिला वर जायचा. आता आवाज झाल्यावर जातो. गेल्या हंगामापासून बघतोय. तुम्हाला कॉर्नर दिसत नाही. तुम्ही ऐकता." त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. "चूक तुमची नाही. तुमच्या शेजारी कुणी बसून खेळ सांगायला हवा होता. ते आम्ही केलं नाही. मला दिसत होतं आणि मी दर वेळी दुसरी चूक सांगत राहिलो."

मालकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्याने काही फरक पडत नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं.

धाकटा हळूच म्हणाला, "बाबा, मग तुमच्याच शब्दाप्रमाणे झालं की. ज्याला खेळ दिसतो त्याच्या हातात, आणि यात मीही आलो, असं तुम्हीच म्हणालात. तुम्हाला आता दिसत नाही. भावजींना कधी दिसला नाही. दादाला आणि मला नकोय. मग खेळ दिसणारं राहिलं कोण?"

प्रश्न त्याने विकण्याच्या बाजूने विचारला होता. पण विचारून झाल्यावर त्याचीच मान चौथ्या खुर्चीकडे वळली. थोरल्याचीही वळली.

"प्रश्न चांगला विचारलास," मालक म्हणाले. "आतापर्यंत कुणी विचारला नव्हता. मी धरून." मग आवाजाच्या अंदाजाने मुलीकडे वळले. "बाळ, मला आजचा सामना सांग. पहिल्यापासून."

"बाबा, जेवताना—"

"अजून जेवण सुरू झालेलं नाही."

बाईंनी सांगितला. पहिल्या शिट्टीपासून. कोण कुठे उभं होतं, कुठली जागा कधी रिकामी पडली, त्यांचा गोल कुठून येणार हे कधी ठरून गेलं होतं. मालक डोळे मिटून ऐकत होते. मधे एकदा त्यांचा उजवा हात टेबलावरून किंचित वर उचलला गेला. बाई अजून कॉर्नरपर्यंत पोचल्या नव्हत्या. आमटीवर साय धरली. शेवटी ते म्हणाले, "तुमची मामी असती तर म्हणाली असती, जिंकल्यासारखं गार जेवण वाढलंय." आणि पहिला घास त्यांनी घेतला.

गोदामवाल्याला दुसऱ्या दिवशी निरोप गेला. क्लब बाईंच्या नावावर झाला. त्यांनी शाळा सोडली नाही, तास सकाळचे करून घेतले. सामन्याला त्या वडिलांच्या शेजारी बसू लागल्या आणि हलक्या आवाजात खेळ सांगू लागल्या. मालकांचा हात पुन्हा सगळ्यांच्या आधी वर जाऊ लागला. किल्ली वाजायची, लोक चमकून मैदानाकडे बघायचे आणि मग चेंडू रेषेबाहेर जायचा. म्हाताऱ्याची नजर अजून तीच आहे, असं स्टँडमध्ये म्हणत. ते शेवटपर्यंत म्हटलं गेलं. त्यातली दुरुस्ती कुणी केली नाही.

जावईबापू मुख्य व्यवस्थापक होते, ते मुख्य व्यवस्थापकच राहिले. वाईट वाटलं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "वाईट कसलं? आधी सासऱ्यांच्या हाताखाली होतो, मग बायकोच्या. घरी तर पहिल्यापासून होतोच. फक्त पत्रांवरची सही बदलली." ही सगळी हकिकत त्यांनीच मला सांगितली, बाईंनी जागोजागी दुरुस्त केली. पाटी उजवीकडे नाही, डावीकडे कलली होती म्हणे.

टेबल अजून आहे. मालक गेल्यापासून त्यांची खुर्चीही मामींच्या खुर्चीशेजारी रिकामी असते आणि फेरी दोनदा थांबते. थोरला येतो. धाकटाही येतो, गोदामाचं नाव काढत नाही. निवृत्त माणसाचा चूक सांगायचा हक्क जातो का, यावर चर्चा झाली होती. नियमात तसं लिहिलेलं नाही, असं बाईंनी ठरवलं.

गेल्या सामन्यात आपण जिंकलो. सगळ्यांची सांगून झाली आणि पाळी स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीपाशी आली.

"चहा फार गरम होता," जावईबापू म्हणाले.

"ही चूक?" धाकट्याने विचारलं.

"इतका गरम, की लोक फुंकत उभे राहिले आणि दुसऱ्या हाफला जागेवर उशिरा आले. सुरुवातीलाच कॉर्नर होता. किल्ल्या कमी वाजल्या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दोन्ही रिकाम्या खुर्च्यांकडे.

"जेवा आता," त्या म्हणाल्या. "गार होतंय."